नदीवाल्याचं बोट

लॅबवाल्यापुढे कुणी तळ्याचं नाव काढलं की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. मासे धरायचे तर नदीवर, हे त्याचं मत होतं, आणि ते त्याने सगळ्या गावाला फुकट वाटून टाकलं होतं. तळ्यातला मासा म्हणजे पेन्शनीत निघालेला माणूस, तोंडाशी आलं तर खातो, नाहीतर पडून राहतो. नदीतला मासा कसा, कामावर असतो!

त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ मात्र पक्का तळेवाला. त्याचं चपलांचं दुकान होतं. सुट्टीच्या दिवशी घडीची खुर्ची घेऊन तळ्याकाठी बसायचा, पाण्यावर बूच सोडायचा, बूच बुडालं की दोरा ओढायचा. एवढाच व्यवहार.

"दुकानात बसायचं, घरी बसायचं, आणि आठवडाभर बसून दमलात की तळ्यावर जाऊन बसायचं," लॅबवाला म्हणायचा. "शालकराव, तुम्हाला उभं असलेलं मी फक्त आमच्या लग्नाच्या फोटोत पाहिलंय."

"आणि तुम्ही नदीवाले मासे कुठे धरता, दाजी? दोरे धुऊन आणता नुसते."

खरं तर लॅबवाला रिकाम्या हाताने क्वचितच यायचा. तो बूच लावतच नसे. गुडघाभर पाण्यात खडकाला टेकून उभा राहायचा, दोरा उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायचा आणि डोळे मिटायचा. प्रवाहाची ओढ वेगळी, गवत अडकलं तर वेगळी, माशाने नुसतं तोंड लावून पाहिलं तर आणखी वेगळी. बोटाला सगळं कळायचं.

त्याच बोटावर त्याचं घरही चालायचं. गावातल्या लॅबमध्ये तो रक्त काढायच्या कामावर होता. हातमोजा घालायचा, पण त्या एका बोटाचं टोक कात्रीने उडवलेलं. दंडाला पट्टा बांधून उघड्या बोटाने कोपराच्या खोबणीत चाचपायचं, शीर लागली की सुई आत. माणूस 'आई गं' म्हणायला तोंड उघडेपर्यंत कापूस लावून झालेला असायचा. मोजा कापण्यावरून लॅबचे मालक डॉक्टर कावायचे. पण लोक 'काढायचं तर त्यांनीच' म्हणून अडून बसायचे, त्यामुळे डॉक्टरही कावून झाल्यावर आपल्या केबिनमध्ये जायचे.

असा हा माणूस एका रविवारी सकाळी मेहुण्याच्या दारात गळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चला, तळ्यावर येतो."

मेहुणा बघतच राहिला. मग त्याने शेजारच्या दुकानदाराला हाक मारून सांगितलं, समोरच्याला सांगितलं, वाटेत भेटेल त्याला सांगितलं. लॅबवाल्याची बायकोही खूष झाली होती. "सुटले बाई," ती म्हणाली होती, "त्या निसरड्या खडकांवरून घसरला असतात तर तुमचं रक्त काढायला कोण होतं?"

खरं कारण कुणालाच ठाऊक नव्हतं. बोट गेलं होतं. दिसायला होतं तसंच, पण टोकाला कुणी मेण थापल्यासारखं झालेलं. आधी ते नदीवर कळलं. गळ वर यायचा तो आमिष साफ झालेला, आणि बोटाला पत्ताच नाही. त्याने खुशाल माशांना चोर ठरवलं. मग लॅबमध्ये शिरा हरवायला लागल्या. तेव्हापासून तो पट्टा जास्त आवळायचा, दिवा पुढे ओढायचा, डोळे ताणून निळी रेघ शोधायचा. दिसली तर ठीक, नाहीतर अंदाजाने सुई. डॉक्टरांना कळलं तर नोकरी गेलीच, आणि या वयात त्याला दुसरं येत तरी काय होतं? तळ्यावर निदान बूच डोळ्यांना दिसतं. म्हणून तळं.

तर दोघे तळ्याकाठी बसले. मेहुण्याने मोठ्या मनाने खुर्ची दाजींना दिली आणि स्वतः दगडावर बसून उपदेश सुरू केला.

"बुचावर असे डोळे वटारू नका, दाजी. तो काय तुमचा जावई आहे?"

"तुमचा मासा झोपलाय वाटतं."

"उठेल की. रविवार आहे, त्यालाही उशीर होतो."

लॅबवाला हसला, दोरा वर ओढला आणि डब्यातून गांडूळ काढून रिकाम्या गळाला लावायला लागला. नजर मेहुण्याच्या बुचावरच होती. मेहुणा पुढचं काहीतरी बोलणार होता, तो एकदम ओरडला.

"दाजी! अहो, ते गांडूळ नाही! बोट आहे तुमचं!"

लॅबवाल्याने खाली पाहिलं. गळ बोटात आतपर्यंत रुतला होता आणि तो आपला सरळ ढकलतच होता. रक्त मनगटापर्यंत आलेलं. मेहुण्याचं बूच बुडालं, वर आलं, पुन्हा बुडालं. त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

"दुखत नाही?"

"दुखतंय की थोडं."

"खोटं बोलू नका. कधीपासून आहे हे?"

"बरेच महिने झाले."

"साखर तपासलीत?"

"रोज अख्ख्या गावाची तपासायला घेतो."

"तुमची, दाजी. तुमची."

आपल्या हाताने आपलंच रक्त नळीत भरायचं आणि त्यावर आपलंच नाव लिहायचं, इथपर्यंत येऊन लॅबवाला कितीदा तरी परत फिरला होता.

मेहुण्याने पक्कड आणून गळ कापला, टोक पुढून काढलं, रुमाल बांधला. बांधता बांधता त्याचे हात थांबले.

"आईच्या हातावर तो काळानिळा डाग पडलाय. तुम्हीच घेतलं होतंत ना रक्त?"

"हो."

"चार ठिकाणी टोचलंत. आणि तिला काय सांगितलंत? वय झालं, आता शिराच उरल्या नाहीत! दाजी, तेव्हापासून ती जेवायला बसली की हाताकडे बघत बसते. माझं आवरत आलं म्हणते."

यावर थट्टा सुचेल असा माणूस अजून जन्मायचा आहे.

"उद्या तिला परत लॅबमध्ये आणायचंय," मेहुणा म्हणाला. "दुसऱ्या कुणाला ती हात देत नाही. ताईला काय सांगायचं ते तुम्ही सांगा, मी मध्ये पडत नाही. पण आईला उद्या तुमची सुई लागणार नाही."

दुसऱ्या दिवशी लॅबचं बाक नेहमीसारखं भरलं होतं. सासूबाई मुलाचा हात धरून आल्या, खुर्चीवर टेकल्या आणि त्यांनी बाही वर केली. डाग आता कडेने पिवळा पडायला लागला होता. लॅबवाल्याने पट्टा उचलला. मेहुणा दारातच उभा होता. लॅबवाल्याने पट्टा परत ट्रेमध्ये ठेवला आणि आतल्या बाईंना हाक मारली. या बाई यंत्रावर नळ्या लावायच्या. रक्तही छान काढायच्या, पण त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

"आई, आज यांच्याकडून घ्या."

"का हो, जावईबापू? तुम्हीसुद्धा आशा सोडलीत?"

"तुमच्या शिरा जागच्या जागी आहेत. मी खोटं बोललो. माझ्या बोटाला लागत नाही आता काही."

सासूबाईंनी त्याचा हात ओढून घेतला. रुमाल सरकवून बोटाचं टोक आपल्या नखाने दाबलं.

"कळतंय?"

"नाही."

त्यांनी आणखी जोरात दाबलं. नख पांढरं पडलं.

"आता?"

"नाही, आई."

केबिनचं दार अर्धं उघडं होतं, आणि आत डॉक्टरांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बाकावर पहिल्या नंबरला बसलेल्या माणसाने वर करून ठेवलेली बाही हळूच खाली ओढली.