राखून ठेवायचे वर्ष

"बाबा, मला हे वर्ष बसायचंय," असे ऋषभ फोनच्या पडद्यावरून म्हणाला, तेव्हा गुरुनाथ मेहेंदळे ओट्यापाशी भोपळा चिरत होते. सुरी भोपळ्यात अर्ध्यावर रुतली आणि तशीच राहिली.

"बसायचंय म्हणजे?"

"म्हणजे मॅचमध्ये उतरायचं नाही. प्रॅक्टिस सगळी करायची, पण सीझन खर्च करायचा नाही. रेडशर्ट. मी मागे सांगितलं होतं ना."

सांगितले होते, हे खरे. अमेरिकेच्या पूर्व भागातील एका विद्यापीठात ऋषभ नुकताच अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला दाखल झाला होता आणि तिथल्या अमेरिकन फुटबॉलच्या संघात तो क्वार्टरबॅक होता. म्हणजे प्रत्येक खेळीच्या आरंभी चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो कुणाकडे फेकायचा हे ज्याला क्षणार्धात ठरवावे लागते, तो गडी. अशा विद्यार्थ्याला चार मोसम खेळता येतात, मात्र ते पाच वर्षांच्या आत कधीही वापरावेत, असा तिथला नियम. त्यामुळे अंगाने किंवा डोक्याने अजून तयार न झालेल्या गुणी खेळाडूला पहिल्या वर्षी राखून ठेवण्याची पद्धत आहे. त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत तो उतरला तरी चालते; पाचव्यात मैदानावर पाऊल पडले की मोसम खर्ची पडला. ऋषभचे चार सामने झाले होते. चारही वेळा शेवटची काही मिनिटे.

"आता काय झालंय," ऋषभ सांगू लागला, "आमचा सेकंड क्वार्टरबॅक आहे ना, त्याचा खांदा गेलाय. दोन-तीन आठवडे. कोच म्हणाले, तुझं वर्ष आहे, तू ठरव. शनिवारी तुला रिझर्व्ह ठेवू, नाहीतर दुसऱ्या एका मुलाला ठेवतो. मला वाटतं, मी बसावं. बाबा, इथे मला अजून काही दिसतच नाही. आल्मेरेच्या क्लबमध्ये सगळं हळू होतं. इथे चेंडू हातात येतो आणि एकदम भिंत अंगावर येते. एक वर्ष मिळालं तर दिसायला लागेल." मग तो म्हणाला, "तुम्ही काय म्हणता?"

"विचार करून सांगतो," गुरुनाथ म्हणाले आणि फोन बंद झाल्यावर बराच वेळ भोपळ्याकडे पाहत उभे राहिले.

ऋषभने त्यांना धक्का देण्याची ही पहिली वेळ नव्हती. पुण्याहून कुशल कामगाराच्या परवान्यावर आलेल्या, ॲमस्टरडॅमच्या एका बँकेच्या संगणकप्रणाली सांभाळणाऱ्या आणि मोठे घर परवडते म्हणून नेदरलँड्समधल्याच आल्मेरेत स्थायिक झालेल्या या गृहस्थाने मुलासाठी क्रिकेटची बॅट फार पूर्वीच आणून ठेवली होती. साधना, त्यांची पत्नी, पाळणाघरात नोकरी करते. तिच्या एका सहकारी बाईने ऋषभला आपल्या मुलाबरोबर मैदानावर नेले, आणि त्याला आणायला गेलेल्या गुरुनाथांनी जे पाहिले ते असे: हेल्मेट घातलेली वीस-बावीस मुले एकमेकांवर धडका देत होती, आणि त्यांतले सगळ्यांत खाली चिरडलेले मूल त्यांचे होते व हसत होते. त्या रात्री त्यांना जेवण गेले नाही. पुढे एका उन्हाळी शिबिरात अमेरिकन प्रशिक्षकांनी त्याचा चेंडू फेकण्याचा हात पाहिला आणि शिष्यवृत्तीचे पत्र आले, तेव्हा ते पत्र हातात धरून गुरुनाथ जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मटकन बसले होते.

पण ते धक्के पुढे नेणारे होते. हा मागे ओढणारा होता.

गुरुनाथांच्या लेखी आयुष्य इयत्तांनी मोजायचे असते. कागद, काच आणि ओला कचरा ज्या काटेकोरपणे ते वेगवेगळा करतात, त्याच काटेकोरपणे त्यांनी आपली वर्षे एकापुढे एक मांडली होती. अभियांत्रिकीला असताना जो नापास होऊन मागे राहत असे, त्याला मुले 'वायडी लागली' असे म्हणत. ज्यांना ती लागे, ते जुन्या वर्गमित्रांना टाळण्यासाठी कॉलेजच्या मागच्या फाटकाने जात. आपण कधी हुशार नव्हतो, हे गुरुनाथ प्रामाणिकपणे मान्य करीत. परंतु आपले एकही वर्ष वाया गेले नाही, हे ते अभिमानाने सांगत. आणि आता त्यांचा एकुलता एक मुलगा, कुणी नापास केलेले नसताना, आपण होऊन एक वर्ष बसायला निघाला होता.

त्याच संध्याकाळी मराठी मंडळाचा दसरा होता. सभागृहात आपट्याऐवजी सोनेरी कागदाची पाने वाटली जात होती. अरुण धर्माधिकारी, मंडळाचे जुने सभासद आणि सर्वांची टोपी उडवण्याचा परवाना स्वतःच स्वतःला दिलेले गृहस्थ, हात पसरून पुढे आले.

"सोनं घ्या, सोन्यासारखे राहा! काय गुरुनाथराव, चिरंजीव पुन्हा कधी दिसणार? शनिवारी कोजागिरी तुमच्याकडेच करतोय. दूध आमचं, टीव्ही तुमचा."

कोजागिरी खरी मधल्या वारी होती. पण येथे सगळ्याच पौर्णिमा शनिवारी येतात.

"या ना, जरूर या," गुरुनाथ म्हणाले. "फक्त... तो कदाचित या वर्षी बसेल. तशी पद्धत आहे तिकडे."

"बसेल? कुठे बसेल?"

"मैदानाबाहेर. वर्ष राखून ठेवतात. पदवीला मग पाच वर्षं घेता येतात."

अरुणरावांचा चेहरा उजळला. "म्हणजे वायडी!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की पलीकडच्या रांगेतल्या माना वळल्या. "अहो, आपल्या वेळी घरबसल्या लागायची. तुम्ही तर पोराला विमानाने पाठवून लावून घेतलीत!"

सगळे हसले. गुरुनाथही हसले. सोनेरी पान मात्र त्यांच्या मुठीत चुरगळून गेले होते.

घरी परतताना सायकलच्या वाटेवर साधना त्यांच्या शेजारून सायकल चालवत होती.

"तू त्या अरुणचं मनावर घेतलंस," ती म्हणाली.

"अरुणचा काय संबंध? वर्ष म्हणजे काय एसटीतली सीट आहे, रुमाल टाकून राखून ठेवायला? गेलं ते गेलं."

"त्याला काय हवंय ते त्याने सांगितलंय, गुरुनाथ. नुसता होकार मागतोय तो."

"मग विचारतो कशाला?"

"विचारायची सवय आपणच लावलीय म्हणून."

घरी पोचल्यावर सायकलीला दोन्ही कुलपे लावून गुरुनाथांनी ऋषभला फोन केला आणि उभ्यानेच सांगितले, "हे बघ, तू रिझर्व्ह राहा. संधी आली की उतर. खेळायला गेलास ना? मग बसायचं कशाला? वर्ष वाया घालवायचं नाही."

'नक्की का' हे ऋषभने डचमध्ये विचारले. बिचकला की तो नेहमी त्या भाषेत शिरत असे. "झेकर, बाबा?"

"नक्की."

"ओके."

शनिवारी सामना इथल्या संध्याकाळी होता. गुरुनाथांची बैठकीची खोली माणसांनी भरली. स्वयंपाकघरात केशर-वेलचीचे दूध उकळत होते. पडद्यावर ऋषभ कडेला उभा दिसला, हेल्मेट काखेत, तेव्हा टाळ्या पडल्या. गुरुनाथ उत्साहात होते. नियमांचे पुस्तक त्यांनी आठवडाभरात वाचून काढले होते आणि कोणी विचारो न विचारो, ते प्रत्येक शिट्टीचा अर्थ समजावून देत होते.

पहिला क्वार्टरबॅक, चौथ्या वर्षाचा एक धिप्पाड मुलगा, उत्तम खेळत होता. ऋषभला वाव दिसत नव्हता. मध्यंतर झाले. भेळ संपली. मग एका धडकेत तो धिप्पाड मुलगा खाली गेला आणि त्याचे हेल्मेट निसटून गवतावर घरंगळले.

"लागलं की काय त्याला?" अरुणराव पुढे सरकले.

"नाही, उठला. पण नियम असा आहे," गुरुनाथ उभे राहिले, "खेळ चालू असताना हेल्मेट निघालं, की एका खेळीपुरतं बाहेर जावं लागतं. म्हणजे आता..."

म्हणजे आता ऋषभ मैदानात धावत येत होता. खोली उसळली. कोणी शिट्टी मारली, कोणी 'गणपती बाप्पा' म्हटले. ऋषभने गड्यांना काहीतरी सांगितले, चेंडू त्याच्या हाती आला, तो अर्धा वळला आणि चेंडू त्याने मागच्या धावपटूच्या पोटाशी ठेवला. धावपटू दोन पावले गेला आणि आडवा झाला. शिट्टी. तो धिप्पाड मुलगा हेल्मेटचा पट्टा आवळत परत आला. ऋषभ बाहेर गेला.

"झालं?" अरुणराव म्हणाले. "एवढंच?"

गुरुनाथ अजून उभेच होते. समालोचक हसत हसत काही सांगत होता. हा पहिल्या वर्षाचा मुलगा नेदरलँड्सचा. हा त्याचा पाचवा सामना. तेव्हा त्याचे राखीव वर्ष आता गेले. चेंडू दुसऱ्याच्या हातात देण्याची इतकी महाग खेळी आपण कधी पाहिली नाही. त्याचा जोडीदारही हसला आणि दोघे पुढच्या खेळीकडे वळले.

गुरुनाथांच्या कानात ते हसणे राहिले. नियम त्यांना ठाऊक होता. पाचव्या सामन्यात पाऊल पडले की मोसम संपला, हे त्यांनी स्वतः वाचले होते. परंतु राखीव खेळाडू उतरेल तर तो खेळेल, धावेल, फेकेल, आणि खर्ची पडलेल्या वर्षाच्या बदल्यात पदरात काहीतरी पडेल, असे त्यांनी गृहीत धरले होते. खर्ची पडण्याला किमान मर्यादाच नाही, एका श्वासात चेंडू घेऊन तो देऊन टाकला तरी अख्खे वर्ष जाते, हे त्या ओळीत लिहिलेलेच होते. त्यांच्या नजरेसमोरून ती ओळ गेली होती आणि त्यांनी ती वाचली नव्हती.

स्वयंपाकघराच्या दारात साधना उभी होती. "हे मोजलं?" तिने हळू आवाजात विचारले.

"मोजलं."

"पण आता रोज खेळेल ना तो?" अरुणरावांना अजून उलगडा झाला नव्हता. "एकदा वर्ष खर्चच झालं, तर खेळवतील की!"

"कशाला खेळवतील? पहिला ठणठणीत आहे. दुसऱ्याचा खांदा बरा होतोय. ऋषभ बसेल."

"मग तेच झालं. बसायचंच होतं त्याला."

"नाही हो." गुरुनाथांचा आवाज इतका कोरडा होता, की खोलीतले इतर बोलणे थांबले. "बसला असता, तर वर्ष उरलं असतं. आता बसेलही आणि वर्षही गेलं."

अरुणरावांनी हातातला पेला खाली ठेवला. "गुरुनाथराव, त्या दिवशी मी आपली गंमत केली हो."

"तुम्ही गंमतच केलीत. त्याला उतर म्हणून मी सांगितलं."

साधनाने सर्वांना दूध दिले. लोकांनी ते घाईघाईने प्यायले, आणि चंद्र गच्चीतून चांगला दिसतो असे कोणीतरी म्हणाले, तरी कोणी गच्चीकडे गेले नाही. सामना संपण्यापूर्वीच दारातले जोडे कमी होऊ लागले.

ऋषभचा फोन आला तेव्हा घरात दोघेच होते. तो संघाच्या बसमध्ये होता. मागे मुले गात होती, कारण संघ जिंकला होता.

"पाहिलंत?"

"पाहिलं," गुरुनाथ म्हणाले. "ऋषभ, अरे, मला वाटलं होतं..."

"हो. मलापण वाटलं होतं, नाही होणार. हेल्मेट काय, कधी निघत नाही एरवी." तो जरा हसला. "कोच सॉरी म्हणाले. त्यांनी टाइमआउट घ्यायला पाहिजे होता, म्हणजे तो आतच राहिला असता आणि मी उतरलोच नसतो. विसरले. त्यांना जिंकायचं होतं."

"आता काही करता येतं का? अर्ज वगैरे? मी लिहितो. वैद्यकीय कारण, किंवा..."

"मला काही झालेलं नाही, बाबा."

"तू रागावलायस."

"थोडा." मग त्याचा आवाज खाली आला. गाणाऱ्या मुलांमधून तो ऐकण्यासाठी गुरुनाथांना फोन कानाशी दाबून धरावा लागला. "तुमच्यावर नाही. मला माहीत होतं काय करायचं ते. तरी विचारलं. ते माझं चुकलं. आता नाही विचारणार."

त्याने हे इतक्या सहजपणे सांगितले, की गुरुनाथांना त्यावर रागावताही येईना. "जेवलास का?" एवढेच त्यांच्या तोंडून निघाले. जेवलो, असे ऋषभ म्हणाला, आईला फोन द्या, असे म्हणाला. त्यांनी फोन दिला आणि ते उभ्या जागी, रिकाम्या पेल्यांच्या मध्ये, खुर्ची शोधू लागले.

तेव्हापासून प्रत्येक शनिवारी ते सामना लावतात. ऋषभ कडेला उभा असतो, कपडे स्वच्छ, कानाला यंत्र लावून पहिल्या क्वार्टरबॅकला खुणा पोचवत. मधल्या काळात मंडळात कोणी चौकशी केली, तर गुरुनाथ घडलेली हकिकत आपल्या नावासकट, क्रमाने, काही न गाळता सांगतात; अरुणरावांना ती ऐकवत नाही आणि ते उठून दुसरीकडे जातात.

नोव्हेंबरच्या अखेरीस एका सकाळी गुरुनाथ गाडी गाठण्यासाठी कोट चढवत असताना साधना फोनवर आलेला ऋषभचा निरोप वाचत वाचत जिन्यावरून उतरली. त्याने अभियांत्रिकी सोडली होती. पुढच्या सत्रापासून तो क्रीडाविज्ञान शिकणार होता; प्रवेश झाला होता, विद्यापीठाच्या सल्लागाराची संमती आली होती, शिष्यवृत्तीला धक्का नव्हता.

गुरुनाथांचा एक हात बाहीत अडकला होता. "कधी ठरलं हे? मला काही विचारलं नाही त्याने."

"कळवलंय ना," साधना म्हणाली, आणि बाहीत अडकलेला त्यांचा हात तिने बाहेर काढून दिला.