काकाजींचा चाकांचा बैल

गाडीत चुकीचं तेल ओतणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. तीस वर्षं हातात पाना आहे माझ्या. आधी एसटीच्या वर्कशॉपात, मग गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बसस्टँडमागे स्वतःच्या शेडमध्ये. रेडिएटरमध्ये ताक ओतलेलं मी पाहिलंय, पेट्रोलच्या टाकीत रॉकेल तर रोजचंच. असल्या लोकांना मी तोंडावर बोलतो, मग तो सरपंच असो की माझा सासरा. पण एका माणसाला मी दोन दिवस असंच फैलावर घेतलं आणि नंतर त्याच्यापुढे मला मान वर करता येईना. ते लक्ष्मीचंद रहांगडाले. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो.

काकाजी गोरेगावपासून दोन कोसांवरच्या गावचे. पोवार, घरचं धान, अंगाने काटक, आणि बोलणं इतकं कमी की त्यांची बायको, आमच्या सुखवंताकाकी, म्हणायच्या, "यायच्या तोंडातून शब्द काढाले चिमटा लागते." त्यांच्याकडे एकोणसत्तर सालची स्टँडर्ड हेरल्ड होती, फिकट निळी, तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतलेली. या गाडीचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट पुढच्या बाजूला उलटतं. मेकॅनिकने खुशाल चाकावर बसावं आणि समोर सगळं पोट उघडं. अशी सोयीची गाडी पुन्हा कोणी केली नाही, असं माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

नव्याण्णव साली त्यांच्या घरी ट्रॅक्टर आला आणि शेवटची बैलजोडी व्याह्यांकडे गेली. त्या वर्षी पोळ्याला काकाजी सकाळपासून रिकाम्या गोठ्यात बसून होते. दुपारी उठले, हेरल्ड धुतली, बॉनेटवर बैलाची झूल टाकली, दिव्यांवर बाशिंग बांधलं, घुंगरमाळ अडकवली आणि गाडी नेऊन तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी केली. गाव पोट धरून हसलं. हिरालाल पाटील म्हणाले, "लक्ष्मीचंद, हा बैल कोणत्या जातीचा रे?"

काकाजी म्हणाले, "जो आपल्या पायानं तोरणाखालून जाते, तो बैल. ज्या वर्षी नाही जाईल, त्या वर्षी विकून टाकीन."

त्यांच्या तोंडून एवढं लांब बोलणं गावाने पहिल्यांदाच ऐकलं, म्हणून ते कोणी विसरलं नाही. तेव्हापासून दर पोळ्याला हेरल्ड रांगेत. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात, तसे काकाजी गाडीचे मडगार्ड शेकायचे. मी दुसऱ्या दिवशी ते तूप पुसून काढत असे आणि बडबडत असे.

दोन हजार आठ साली पोळा शनिवारी होता. बुधवारी निरोप आला की गाडीचा क्लच गेला. मी मोपेड काढली. जाऊन पाहतो तर पेडल दाबलं की तळाला जाऊन बसतं, वर यायचं नाव नाही. गिअर टाकला की करकर दात खातो. अंगणात त्यांचा मुलगा लोकेंद्र उभा होता. गोंदियात राइस मिल चालवतो, अर्धं बोलणं हिंदीत.

"उमरावभाऊ, अब बस झाला," तो म्हणाला. "नागपूरच्या एका पार्टीशी बोलून ठेवलं आहे. बाबूजींनी गावासमोर जुबान दिली होती. शनिवारी आपल्या पायानं गेली तर ठीक, नाही तं सोमवारी ट्रक येते."

वाईट माणूस नाही तो. दर वर्षी त्या गाडीपायी बापाला ताटकळलेलं पाहून थकला होता. मी काकाजींकडे पाहिलं. बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा ते गाडीच्या छतावरून हात फिरवत होते. तेव्हा मला कळलं की शनिवारी गाडी अडली तर या घरातून पुन्हा एकदा बैल जाणार आहे.

बॉनेट उलटून मी चाकावर बसलो. पेडलच्या पुढे दोन लहान सिलिंडर असतात, एक ब्रेकचा, एक क्लचचा. दोघांच्या डोक्यावर ब्रेक-ऑइलची एकेक डबी. पेडल दाबलं की आतला दट्ट्या तेलाला ढकलतो, तेल नळीतून क्लचजवळच्या खालच्या सिलिंडरात जातं आणि क्लच सुटतो. सगळा खेळ दाबाचा. आम्ही कोहळी लोक; माझ्या पणजोबांनी तलावांच्या पाळी बांधल्या. पाणी कुठं दबतं आणि कुठून पाझरतं, हे बघायची खोड आमच्या रक्तातच आहे, म्हणून हे काम मला आवडतं.

क्लचच्या डबीचं झाकण उघडलं आणि वास आला. जवसाचा! घाणीवरचं, अस्सल, घरचं जवसाचं तेल. पिन काढली, नळी सोडली, दोन बोल्ट खोलून सिलिंडर हातात घेतला. आत दट्ट्याभोवती खिरीवरच्या सायीसारखा चिकट थर, आणि रबर फुगून दुप्पट झालेलं. जवसाचं तेल हवेवर सुकतं, हे दाराला तेल लावणाऱ्या सुतारालाही कळतं.

"कोणं ओतला हा?" मी ओरडलोच. "कोणत्या शहाण्यानं?"

लोकेंद्रने बापाकडे पाहिलं. दारात सुखवंताकाकी उभ्या होत्या, हातात सूप तसंच राहिलेलं. काकाजींनी एकदा तिकडे बघितलं आणि म्हणाले, "मीच टाकलो असेन. म्हातारा झालो, ध्यानात नाही राहत."

मग काय, मला रानच मोकळं मिळालं. "काकाजी, तुमाले इतकी वर्षं सांगून राहिलो, ब्रेक-ऑइलच्या जागी दुसरा थेंब नोको! काऊन केले असे? जेवनात रॉकेल टाकता का?" गुरुवारी पुन्हा गेलो तेव्हा पुन्हा तेच. काकाजी मधेच एवढंच म्हणाले, "चहा घे." मी चहा घेतला आणि कपातूनच बोलत राहिलो.

रबरांचा संच नागपूरहून एसटीच्या कंडक्टरच्या हाती मागवला होता. गुरुवारी आला तो मोठ्या मापाचा. फोनवर त्या दुकानदाराची मी जी पूजा केली ती इथे लिहिता येत नाही. बरोबर मापाचा संच शुक्रवारी दुपारी तीनच्या गाडीने आला. तोवर सिलिंडर स्पिरिटने धुऊन, बारीक पॉलिश पेपर मारून आतून आरशासारखा केला होता. खालचा सिलिंडर आणि नळीही धुतली. नवं रबर ब्रेक-ऑइलमध्ये बुडवून दट्ट्यावर चढवलं, सिलिंडर जागेवर कसला, डबी भरली.

आता राहिली होती नळीतली हवा. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल पोकळ लागतं. ती काढायला दोन माणसं लागतात: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गाडीखाली झोपून खालच्या सिलिंडरचा नट सैल करायचा, हवा निघाली की कसायचा, मग पेडल सोडायचं. असं चाळीस-पन्नास वेळा. काकाजींचा डावा गुडघा दुखरा, तो उद्याच्या रांगेसाठी जपायचा होता. लोकेंद्र मिलवर. शेवटी काकीच पदर खोचून स्टिअरिंगमागे बसल्या. तीस वर्षं त्या बाजूला बसल्या होत्या, या सीटवर पहिल्यांदाच.

"दाबा! धरा! ... सोडा!" मी खालून सांगायचो. बाटलीत सोडलेल्या नळीतून बुडबुडे निघायचे. विसाव्या वेळेला वरून आवाज आला, "उमराव, तो तेल मी पाजलो."

मी गाडीखालीच थांबलो.

"मागच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी," त्या हळू बोलत होत्या. "हे मडगार्ड शेकून आत गेले. मी पाहिलो तं एक डबी अर्धी खाली. मनाले लागला. बैल होते तवा पोळ्याच्या आधी मी सगळ्यायले बांबूच्या नळीनं जवसाचा तेल पाजत होतो. नऊ वर्षं ती नळी गोठ्यात टांगून होती. म्हटला, याले काऊन उपाशी ठेवू? पाजलो. यायले सांगू नोको. यायले वाटून राहिला, आपणच इसरलो."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. दोन दिवस मी ज्या माणसाला धुतलं, त्याने काहीच केलं नव्हतं. "नाही सांगत, काकी," मी म्हणालो. "दाबा."

अडतिसाव्या दाबाला तेलाची धार अखंड आली. पेडल टणक झालं. काकींनी ते आणखी दोनदा दाबून पाहिलं, उगीच, मजेने.

शनिवारी दुपारी सगळं गाव तोरणाजवळ जमलं. रांगेत चालणं म्हणजे क्लचची खरी परीक्षा. बैलाच्या चालीने जायचं, म्हणजे दर पावलाला क्लच दाबा, सोडा, दाबा. ढोल वाजत होते. कोणीतरी झडती, म्हणजे पोळ्याचं गमतीचं गाणं, म्हटली:

"बैलाले चार पाय, मोटरले चार चाक,
लक्ष्मीचंदाचा बैल बोले, पेट्रोल टाक, पेट्रोल टाक!"

"हर हर महादेव!" सगळे गरजले. रांग हलली. हेरल्डही हलली. तोरणाच्या दहा हातांवर पुढचा बैल ढोलाला बुजून थांबला. काकाजींनी गाडी थांबवली. बैल पुढे गेला, काकाजींनी गिअर टाकला आणि करकर आवाज झाला. समोरून लोकेंद्र बघत होता. काकाजींनी दुखरा गुडघा एका हाताने रेटून पेडल पुरतं तळापर्यंत दाबलं. गिअर गपकन बसला आणि घुंगरमाळ वाजवत हेरल्ड तोरणाखालून पार झाली. सगळ्यांत मोठ्याने लोकेंद्र ओरडला. त्याने तिथेच खिशातून मोबाईल काढून नागपूरच्या पार्टीला सांगितलं, "ट्रक मत भेजो जी, बैल बिकाऊ नाही आहे." मी तर नाचलो. मला नाचता येत नाही, हे गावाने तेव्हा पाहिलं.

मग बैल घरोघरी गेले. काकाजींच्या दारात काकी ताट घेऊन उभ्या होत्या. चाकांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. ताटात पुरणपोळी होती आणि तिच्याजवळ ब्रेक-ऑइलचा सीलबंद डबा, त्यालाही हळदकुंकू. तो डबा पाहून काकाजींच्या मिशा हलल्या. काकींचा मात्र धीर सुटला.

"अजी, एक सांगू का? तो जवसाचा तेल तुमी नाही... मी पाजलो होतो."

"मले ठाऊक आहे," काकाजी म्हणाले. "मी खिडकीतून पाहून राहिलो होतो."

"पाहिले? मंग अडवले काऊन नाही?"

काकाजींनी घुंगरमाळ सारखी केली. मग म्हणाले, "तू त्याच्याशी बोलून राहिली होतीस. 'पी माह्या राजा' म्हणत होतीस. बैल गेल्यापासून तू तशी बोललीच नव्हतीस. तुले कायले अडवू? गाडीचा काय, उमराव आहे ना."

मी खाली मान घालून उभा राहिलो. काकींनी ताटातली पुरणपोळी उचलली आणि बैलाच्या आधी नवऱ्याच्या तोंडात कोंबली.