मथुराक्कांचं प्रतिज्ञापत्र

मल्हारराव शिंदे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या छोट्याशा वर्कशॉपमध्ये लेथवरून उतरलेल्या दांड्यावर नुसतं बोट फिरवून चूक सांगायचे. स्वतःच्या जन्मदाखल्यातली चूक मात्र त्यांना सत्तावन्नाव्या वर्षी कळली.

मुलगी शिवानी अमेरिकेची नागरिक झाली होती आणि आईवडिलांना कायमचं बोलावून घेण्यासाठी तिने अर्ज केला होता. आईचे, म्हणजे प्रतिमाचे, कागद चोख निघाले. वडिलांचा दाखला आला तो असा: बाळाच्या नावाची जागा कोरी, आणि आईचं नाव मथुराबाई. बाकी सगळ्या कागदांवर आई होती सोनाबाई.

"बाप बरोबर आणि आई चुकीची! असा माणूस जगात तुम्हीच, अहो," प्रतिमा म्हणाली.

नाव नव्हतं, कारण नोंद चौथ्या दिवशी झाली आणि बारसं बाराव्या. आईच्या नावाची गोष्ट वेगळी होती. मल्हाररावांच्या आधीची दोन मुलं दगावली होती. म्हणून हा जन्मताच त्याला सुपात घालून शेजारच्या मथुराक्कांना विकलं. किंमत पसाभर कोंडा. मूल परक्याचं झालं की मरण त्याच्याकडे बघत नाही, अशी रीत. वडील तर इतके धास्तावलेले, की महापालिकेच्या माणसालाही त्यांनी मथुराक्कांचंच नाव सांगितलं. न जाणो, सटवाईने सरकारी वही वाचली तर!

वकील म्हणाले, "नोंद दुरुस्त व्हायला महिने जातील आणि व्हिसाची मुलाखत पाच आठवड्यांवर आलीय. जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणा वडीलधाऱ्याचं प्रतिज्ञापत्र जोडा."

असं माणूस एकच उरलं होतं. एकोणऐंशी वर्षांच्या मथुराक्का. आणि त्यांनी शपथेवर सांगायचं होतं, की मल्हार माझा मुलगा नाही.

सोनाबाई गेल्या तेव्हा मल्हारराव नऊ वर्षांचे होते. पुढची सगळी जेवणं अक्कांच्या चुलीपाशी झाली. अजूनही ते दर रविवारी अक्कांच्या औषधाच्या गोळ्या घेऊन चिकपेटातल्या त्यांच्या घरी जायचे. दोन रविवार ते कागद खिशात ठेवून गेले आणि चहा पिऊन तसेच परत आले. तिसऱ्या रविवारी प्रतिमाने बजावलं, "आज सही नाही आणली तर शिवानीला तुम्हीच फोन करा."

"अक्का, एक सही हवी होती," त्यांनी चाचरत सांगितलं.

"कशावर? माझं घर लिहून घेतोस काय रे? वाच आधी."

त्यांनी वाचलं. 'मल्हार हा माझा पोटचा मुलगा नाही' इथे ते थांबले.

"अय्यो, थांबलास का? पोटचा नाहीसच तू. सुपातला आहेस. पुढे वाच."

"'मी त्यांच्या कुटुंबाची शेजारीण असून...'"

"ही शेजारीण कोण?"

"तुम्ही, अक्का."

"आणि सूप कुठंय? कोंडा कुठंय? तुझे दोन भाऊ गेले ते?"

"वकिलांनी गाळलं. तिकडच्या साहेबांना असलं काही कळायचं नाही म्हणाले."

"न कळायला काय झालं? साहेबाला आई नाही? अर्धं सांगितलेलं खोटंच असतं, मल्हारी. सगळं लिहून आण, मग करते सही."

वकील कुरकुरले, पण अक्कांनी सांगितलं तसं लिहिलं. कागद दीड पानांवरून साडेतीन पानांवर गेला. सुपासकट. अक्कांनी नोटरीसमोर तो पुन्हा वाचून घेतला, एका जागी 'मूठभर' खोडून 'पसाभर' करायला लावलं आणि मग डोकं खाली घालून, एकेक अक्षर जोडत सही केली.

मुंबईत अमेरिकन वकिलातीतल्या खिडकीपलीकडच्या अधिकारी बाईंनी ती साडेतीन पानं सावकाश वाचली.

"विकलेलं मूल परत घेतात का?" त्यांनी विचारलं.

"घेतात मॅडम, लग्नाआधी. माझ्या बाबतीत ते राहूनच गेलं. आई नव्हती, त्यामुळे कुणी मागितलंच नाही."

बाईंनी मान हलवली, आणखी दोन प्रश्न विचारले आणि पासपोर्ट ठेवून घेतले.

बाहेर येताच प्रतिमाने शिवानीला फोन लावला. मल्हारराव जरा बाजूला गेले आणि त्यांनी चिकपेटात अक्कांना लावला.

"व्हिसा दिला, अक्का."

"सरी, बरं झालं. सगळं वाचलं ना तिने?"

"सगळं."

"मग कधी जातोस?"

"सहा महिन्यांच्या आत जावं लागतं."

पलीकडे अक्का बोटांवर महिने मोजत असाव्यात.

"मग नवरात्र करून जा," त्या म्हणाल्या.