आरशातल्या गिऱ्हाइकाचा कोट

"स्वल्प ओढून बघा," असं म्हणून ती स्वतःच काजात करंगळी घालायची आणि असा हिसका द्यायची की ज्याचा कोट तो हां हां करत पुढे यायचा. काज ढिम्म हलायचं नाही. मग कोटाची घडी करून ती दुसरा उचलायची.

तिचं नाव लिहीत नाही. ती असताना कधी तोंडाने घेतलं नाही, आता कागदावर काय घेऊ?

आमची ओळख कामावरची. बेंगळुरूच्या चिकपेटेत अण्णांच्या शिलाईच्या दुकानात मी कटिंग करायचो. शाळा चौथीत सुटली होती, पण कात्री हातात आली आणि लोक मास्तर म्हणायला लागले. डोकं फिरायला तेवढं पुरलं. दुकानातले कपडे काजांसाठी मागच्या गल्लीत तिच्या आईकडे जायचे. मायलेकी उंबऱ्याच्या उजेडात बसायच्या. तिची पद्धत तुम्हीही पाहिली असेल, आमच्या शिंप्यांतल्या बायका तशाच करायच्या. चिरीच्या कडेने आधी मेण लावलेला जाड दोरा फिरवायचा, त्यावर गाठीचे टाके एकाला एक चिकटून घालायचे, आणि दोन्ही टोकांना आडवे टाके घालून तोंडं बांधून टाकायची. मी म्हणायचो, काज म्हणजे काय, भोकच ना. खरी अक्कल कटिंगला लागते. माझी किती होती ते आता सांगतो.

पुढे आमचं लग्न ठरलं. लग्नाचा कोट मीच बेतणार, कुणाला हात लावू देणार नाही, असं मी पेटेभर सांगत सुटलो. राखी लोकरीचा, बंद गळ्याचा. कच्चे टाके घालून तो अंगात चढवला आणि आरशासमोर उभं राहून खडूने काजांच्या खुणा केल्या. तुम्ही शिंपी असाल तर आत्ताच हसला असाल. नसाल तर ऐका. पुरुषाची काजं त्याच्या डाव्या बाजूला असतात. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की ती बाजू आमच्या उजव्या हाताला येते, आणि हात आपोआप तिकडे जातो. आरशातल्या गिऱ्हाइकालाही मी उजव्या हाताला खुणा केल्या. ते गिऱ्हाईक मीच होतो, एवढं काही लक्षात राहिलं नाही. चिराही मीच पाडल्या, आणि बायकांसारखी उजव्या बाजूला काजं असलेला कोट थाटात नवरीच्याच घरी पाठवून दिला.

काजंबटणं होऊन कोट आला. मी घडीसुद्धा मोडली नाही. लग्नाच्या संध्याकाळी फोटोला बसायच्या आधी अंगात घातला, तेव्हा बोटं चाचपडायला लागली. तेव्हा कुठे कळलं, काजं उलट्या बाजूला आहेत. आमच्यात लोक नवरीच्या आधी शिलाई बघतात. एकाच्या जरी नजरेला आलं असतं तर पेटेत मी जन्माचा बायकांच्या झंपरांचा मास्तर झालो असतो, आणि अण्णांनी कात्री काढून घेतली असती. कशीबशी बटणं लावली, वर हार घातले आणि बाहेर येऊन बसलो. अण्णा पुढ्यातच बसलेले.

फोटोवाला म्हणाला, हार काढा, कोट दिसू दे. मी हार छातीशी धरले. तेवढ्यात शेजारून ती त्याला म्हणाली, "हार राहू द्या."

नवरी बोलली म्हणून बायकांत कुजबुज झाली. फार बोलते, असं तिचं नाव झालं ते तिथूनच. फोटो हारांसकट निघाला. मग मान खाली घालून ती मला म्हणाली, "आरशात बघून खुणा केल्यात ना, मास्तर?"

"तुला कधी कळलं?"

"कोट उघडला तेव्हाच."

"मग सांगायचं होतंस."

"सांगून चिरा मिटणार होत्या का? म्हटलं, काजं तरी भक्कम करू."

आईला दिसू नये म्हणून काजं करताना ती भिंतीकडे तोंड करून बसली होती म्हणे.

ती काजं आपली आपल्याला लावायला उलटी, पण समोरच्याला अगदी सरळ पडतात. म्हणून दर लग्नकार्याला, गणपतीला ती समोर उभी राहून खालपासून गळ्यापर्यंत बटणं लावायची. "हात खाली, मास्तर. पोट आत." बघणाऱ्यांना वाटायचं, काय प्रेम आहे. शेजारणी आपल्या नवऱ्यांना आमचं उदाहरण द्यायच्या, आणि ते नवरे माझ्यावर दात धरून होते. मी ते चालू दिलं. मूर्ख ठरण्यापेक्षा रसिक ठरणं बरं.

एकदा म्हटलं, कापड शिल्लक आहे, पुढचे दोन्ही भाग नवे घालतो. तर म्हणाली, "मला सरी पडतंय, हाताला बरोबर येतंय. तुमचं काय जातंय?"

गेल्या श्रावणात ती गेली. आता मी सर्जापूर रोडला मुलाकडे असतो. नात्यात लग्न निघालंय. सून म्हणाली, अप्पा, बटणं मी लावून देते. मी म्हटलं, नको, येतात मला.

येत नाहीत. कोटाचं अस्तर कुजलं, कोपरं झिजली, काजांचा एक टाका उसवलेला नाही. दार लावून घेतो आणि उलट्या हाताने शिकतो. खालची लागतात. गळ्याजवळचं लागत नाही. काज घट्ट आहे.