रोलमधला उरलेला फोटो

सेफ्टीपिना ठेवलेली कॅमेऱ्याच्या रोलची काळी डबी काल उघडली, तर आतून अजून तोच आंबूस वास आला. आम्ही बडोद्याला निजामपुऱ्यात राहायचो तेव्हा दादाच्या मुंजीचा रोल धुवायला द्यायचा राहिला होता, कारण त्यात एक फोटो शिल्लक होता आणि तो वाया जाऊ देणं बाबांना पटत नव्हतं. शेजारच्या बेन ओट्यावरून म्हणाल्या, "जेनो होय एनो पाडी नाख ने," म्हणजे काढून टाक कोणाचाही. दातांत आकडे धरून ओले केस बांधणारी आई ते ऐकून हसली आणि मी बटण दाबलं. "मुंजीच्या रोलमध्ये हे कशाला? घालवलास ना फुकट," बाबा म्हणाले. फोटो धुऊन आले तेव्हा बाकी सगळ्यांत आई शालू नेसून, श्वास रोखून समोर बघत होती. या एकात मात्र ती रोजची होती. बाबांनी तो बराच वेळ पाहिला आणि अल्बममध्ये न लावता शर्टाच्या खिशात ठेवला. आता माझं कामच फोटो काढण्याचं आहे, पण मी कोणालाही "इकडे बघा" म्हणत नाही.