चांदीची माती

सन २०२३. दिवाळी सरली होती, ऊसतोड सुरू झाली होती आणि थंडी नुकती पडायला लागली होती. त्या दिवसांत मी सांगलीत दागिने शिकायच्या वर्गात नाव घातलं. तिथलं कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण कट्ट्यावर बसलं की कोणीतरी विचारतंच, "आप्पा, आज वर्गात काय झालं?" एक सांगितलं की दुसरं आठवतं. लेथखाली लोखंडाचा कीस साठतो ना, तसे हे किस्से साठले. झाडून काढावेत म्हटलं.

मी लेथवाला. कुपवाडला माझं वर्कशॉप आहे, आता मुलगा बघतो. शाळा सातवीपर्यंत. पहिला लेथ घेताना पैसे थोडे कमी पडले, तेव्हा रहिमतपूरला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीनं, आक्कानं, कमरेचा छल्ला काढून माझ्या हातावर ठेवला. चांदीचा, जाड, वर दोन पोपट समोरासमोर. त्यातल्या किल्ल्या सोडवून तिनं पदराच्या टोकाला बांधल्या.

मी म्हणालो, "आक्का, नवा घेऊन देतो."

ती म्हणाली, "इकत आनलेला नगं. मशीन घेतोयस न्हवं? तुझ्या हातानं करून दे."

मी "देतो" म्हणालो.

लेथवर छल्ला होत नाही. सोनाराकडून आणलेला तिनं परत केला. दुसरा आणला, तोही परत केला. माझे काळ्याचे पांढरे झाले. आक्का ऐंशीच्या पुढं गेली. मग मुलानं मोबाईलवर हा वर्ग दाखवला. चांदीची पिठासारखी बारीक पूड, तिच्यात पाणी आणि चिकटायला काहीतरी. मळलेल्या मातीसारखी हाताला लागते. हवं ते घडवायचं, वाळवायचं, भट्टीत भाजायचं. चिकट असतं ते जळून जातं, मागं नुसती चांदी राहते. त्याला मेटल क्ले म्हणतात. आम्ही चांदीची माती म्हणायचो.

मुलगा म्हणाला, "आप्पा, या वयात चिखल खेळणार?"

मी फी भरून आलो.

* * *

शिकवणाऱ्या मंजिरी मॅडम माझ्या नातीपेक्षा थोड्या मोठ्या. वर्गात सगळ्या बायका आणि मुली. पुरुष दोनच. एक मी आणि दुसरे पलूसचे सर्जेराव, फौजेतून सुभेदार होऊन आलेले.

पहिल्या दिवशी मॅडमनी वाळलेला तुकडा कानशीनं घासायला दिला. कानस म्हणजे माझ्या हातातली गोष्ट! झोकात घासला. पूड पडली. चाळीस वर्षं लेथवर जे केलं तेच केलं. तोंडानं जोरात फुंकर मारली.

मॅडम किंचाळल्या, "आप्पा, ती चांदी आहे!"

ती पूड गोळा करून, पाणी घालून परत मळतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सगळा वर्ग टेबलाखाली रांगत ब्रश फिरवत होता. सुभेदार रांगता रांगता म्हणाले, "आप्पा, घर फुंकल्यालं लय बगितलं. चांदी फुंकल्याली आज बगितली!"

* * *

माझ्या शेजारी शोभाताई बसायच्या. त्याही पलूसच्याच. भाकरी केंद्रात भाकऱ्या थापायच्या. त्यांचा हात बघून मॅडमसुद्धा थांबायच्या. माती मळणं, कडेची भेग ओल्या बोटानं मिटवणं, सगळीकडं सारखी जाडी ठेवणं, हे त्यांना शिकवावं लागलं नाही. थाप थाप थाप, की झालं पदकाचं पान तयार. आमची पानं अजून ओबडधोबडच.

त्यांचं पान भट्टीतून आलं ते चाळणीसारखं. भोकंच भोकं! मॅडम चक्रावल्या. भिंगातून बघितलं. भट्टी तपासली. मग शोभाताईंना म्हणाल्या, "तुम्ही पुन्हा एकदा करून दाखवा."

शोभाताईंनी पिशवीतून पुरचुंडी काढली. चिमूटभर पांढरं टेबलावर भुरभुरलं आणि त्यावर चांदी थापायला घेतली.

"हे काय?"

"जुंधळ्याचं पीठ. न्हाईतर बुडाला चिकटतंय की वं!"

पीठ मातीत मिसळलं होतं. भट्टीत ते जळून गेलं आणि तेवढी भोकं मागं ठेवून गेलं. शोभाताई ते पान घरी घेऊन गेल्या. सून म्हणाली म्हणे, "आत्याबाई, भाकरी करपली व्हय?"

* * *

सुभेदारांना लॉकेट करायचं होतं. बायकोसाठी. बायको वारून दोन वर्षं झाली होती. कोणी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, "तिला लॉकेट आवडायचं. मी पोस्टिंगवर असायचो. सुट्टीला आलो की म्हनायचो, पुढच्या खेपंला."

लॉकेट घडवलं. वाळायला वेळ लागतो, आणि फौजी माणसाला धीर नाही. बाहेर उभ्या बुलेटचा सायलेन्सर गरम होता. त्यावर ठेवलं. चहा प्यायले. फोन आला. तसेच गाडीवर बसून निघाले!

अर्ध्या वाटेत आठवलं. परत फिरले. आम्ही सगळे रस्त्यावर वाकून शोधायला लागलो. सापडलं ते वळणावर. वरून उसाची ट्रॉली गेलेली. आतून अजून ओलं होतं, त्यामुळं फुटलं नव्हतं. चपटं झालं होतं आणि टायरची नक्षी स्वच्छ उमटली होती.

मॅडम म्हणाल्या, "मोडून परत मळूया."

सुभेदारांनी ते तळहातावर उचलून घेतलं. म्हणाले, "असूंद्या. भाजा आसंच. असली डिझाईन कुठल्या सोनाराकडं न्हाई!"

ते लॉकेट त्यांनी बायकोच्या फोटोला घातलंय.

* * *

आता माझं ऐका. मी छल्ला करायला घेतला. आक्कानं परत केलेला सोनाराचा छल्ला माझ्याकडं होता. व्हर्नियर लावून त्याची मापं घेतली. पोपट आठवणीनं काढले. लांबी, रुंदी, मागचा हूक, सगळं दोऱ्याचाही फरक न पडता केलं. मॅडम दोनदा म्हणाल्या, "आप्पा, थोडं मोठं धरा." मी म्हणालो, "मोजून केलंय."

भट्टीतून निघाला तो बोटभर आखूड. हुकात साडीची घडी शिरेना. वर रंग चुन्यासारखा पांढरा. मला वाटलं, फुकट गेलं सगळं. मॅडमनी तारेचा ब्रश मारला. आतून चांदी निघाली. पण आखूड ती आखूडच!

मी चिडलो. "व्हर्नियरनं मोजलंय मी. चुकणार नाही."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही मोजलंत ते बरोबरच आहे, आप्पा. पण भट्टीनं कुठं मोजलंय?"

सुभेदार म्हणाले, "थंडीचा आत शिरला आन् आखडून बसला!"

सगळे हसले. मी हसलो नाही. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग टर्न करण्यात माझा जन्म गेला. ओतलेला माल गार होताना आकसतो, म्हणून साचा मोठा धरतात, हे मी पोरांना शिकवलंय. इथं एक पोरगी तेच सांगत होती आणि मी ऐकलं नाही.

* * *

दुसरा मोठा धरून केला. भट्टी निम्म्यावर आली आणि लाईट गेली.

लाईट परत आली तेव्हा भट्टी गार झालेली. मॅडम म्हणाल्या, "उद्या परत भाजू." त्या फोनवर बोलायला बाहेर गेल्या. छल्ला टेबलावर होता. दिसायला झकास होता. पोपट चांगले जमले होते. हूक बसतो का बघावं म्हणून मी तो पट्ट्याला अडकवला आणि जरा ओढला.

बिस्किटासारखा तुटला.

मॅडम आत आल्या. माझ्या हातात दोन तुकडे. "आप्पा, अजून कच्चा होता तो! चांदीनं चांदीला धरलंच नव्हतं!"

त्याच संध्याकाळी, वर्गात असतानाच, भाच्याचा फोन आला. "मामा, आई चार दिस जेवत न्हाई. सवड काढून येऊन जावा."

चिकट जळून गेलेलं, त्यामुळं तुकडे परत मळता येत नव्हते, आणि माझी माती संपली होती. ती कुरियरनं येते, आठवडा लागतो. मॅडमकडंही नव्हती. मी पिशवी उचलून निघालो. सुभेदार आडवे आले. "थांबा वं. लॉकेटाची जोडी करनार व्हतो, त्याची हाय माझ्याकडं. जोडी कुनाला घालू?" त्यांनी आपलं मातीचं पाकीट टेबलावर ठेवलं. तरी थोडी कमी पडत होती. शोभाताईंनी आपला गोळा पुढं सरकवला.

"घ्या आप्पा. पीठ लावल्यालं न्हाई!"

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर कोणी घरी गेलं नाही. मी घडवला. कडेच्या भेगा शोभाताईंनी मिटवल्या नाहीत. मिटवू का विचारलं, मी नको म्हणालो. हात माझाच लागायला पाहिजे होता. पोपट मागच्याइतके जमले नाहीत. एकाची मान जाड झाली. दुसऱ्या दिवशी भट्टी लागली. लाईट गेली नाही.

* * *

सकाळच्या गाडीनं रहिमतपूरला गेलो. आक्का कॉटवर पडलेली. अंगात गाऊन. आयुष्यभर नऊवारी नेसलेली बाई, आजारपणात सोपं जातं म्हणून सुनेनं गाऊन घातलेला. मी छल्ला तिच्या हातात दिला. तिला नीट दिसत नाही. तिनं बोटांनी चाचपला. पोपटांवरून बोट फिरवलं. मानेपाशी थांबलं.

"इकत आनलास?"

"न्हाई. केला."

तिनं गाऊनवर कमरेपाशी हात फिरवला. खोचायला काही नव्हतं. मग सुनेला हाक मारली.

"ट्रंकंतलं लुगडं आन."

सून म्हणाली, "आत्या, उठवायचं न्हाई तुमाला."

"आन म्हन्ते न्हवं!"

मला बाहेर बसायला सांगितलं. मी सोप्यात बसलो. आतून आक्काचं कण्हणं ऐकू येत होतं. सून मध्येच "दमानं, दमानं" म्हणत होती. भाचा म्हणाला, "मामा, कशाला हे?"

सुनेनं हाक मारली. आत गेलो. आक्का भिंतीला टेकून बसली होती. हिरवं लुगडं, अंगाला मोठं झालेलं. डोक्यावर पदर. कमरेला छल्ला खोचलेला. त्यात एकही किल्ली नव्हती.

मी समोर उभा राहिलो.

आक्का म्हणाली, "फिटलं."