तिच्या काळजाजवळचं मशीन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे भुईमुगाच्या शेंगा फोडणं. उचगावात, आमच्या घराच्या सोप्यात, दुपारी.

"अवो, निम्म्या तुमच्याच पोटात चालल्यात," बायको म्हणाली.

"मग तू बी खा की."

ती हसली, भिंतीला टेकली आणि बसल्या जागीच गेली. एवढंच.

तिच्या छातीत मशीन होतं. ठोके कमी पडायचे म्हणून बसवलेलं. पूर्वी असल्या माणसाला मुंबईला न्या म्हणायचे; गरिबाचं माणूस वाटेतच संपायचं. आजऱ्याकडच्या एका शेतकऱ्याच्या पोरानं डॉक्टर होऊन ते काम कोल्हापुरातच सुरू केलं. आधी लोक हसले त्याला. मी शाळेत फारसा गेलो नाही, म्हणून हिच्या काळजाचं त्यानं मला समजंल असं सांगितलं, "मामा, विहिरीवरची मोटर बरी हाय, स्टार्टर बिघडलाय. नवा बसवूया."

ही दवाखान्यातल्या कॉटवरून म्हणाली, "आणि लाईट गेली म्हंजे?"

"आक्का, ह्याला वायरमन लागत न्हाय!"

पण त्यानं शब्द घेतला. माणूस गेलं की मशीन परत द्यायचं. साफ करून, तपासून, ज्याला परवडत नाही त्याला बसवायचं. हिनं शब्द दिला. पुढं तो डॉक्टरच हिच्याआधी गेला. त्या दिवशी हिनं गॅस पेटवला नाही.

सरणात मशीन फुटतं म्हणून गावातल्या डॉक्टरनं ते आधी काढलं आणि माझ्या हातात ठेवलं. काड्यापेटीएवढं.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, अंगातलं हाय. उद्या रक्षेसंगं नदीत सोडायचं."

"न्हाय. तिनं शब्द दिलाय."

"डॉक्टर मेला की! कुणाला कळतंय?"

खरं सांगायचं तर मला ते कुणालाच द्यायचं नव्हतं. इतकी वर्षं तिच्या काळजाला लागून होतं. रात्री बंडीच्या खिशात घालून तसाच पडलो.

सकाळी सगळे रक्षेला निघाले. "व्हा फुडं," म्हटलं आणि कोल्हापुरातला तो दवाखाना गाठला. त्या डॉक्टरच्या हाताखाली शिकलेली बाई आता तिथं बसते. तिनं मशीन दोन्ही हातांनी घेतलं.

"कधी गेल्या?"

"काल."

"मामा, सेल किती उरलाय बघावं लागंल. कुणाला बसंलच असं न्हाय."

"बसू दे न्हायतर नको. तिनं तुमच्या डॉक्टरला कबूल केलेलं," म्हटलं आणि नदीकडं निघालो. तिथं सगळे माझ्यासाठी खोळंबले होते.